सरकारी कर्मचाऱ्यावर हात उचलला तर काय होतं: जुनं ३५३, आताचं १३२ आणि पहिल्या दिवसापासून काय करायचं

आपल्याकडे "त्याच्यावर ३५३ लागलाय" म्हटलं की गावात सगळ्यांना कळतं काय झालंय ते. तलाठी कार्यालयात फेरफारावरून झालेली झटापट, वीज तोडायला आलेल्या वायरमनला धरलेली कॉलर, नाकाबंदीत ट्रॅफिक हवालदाराशी झालेली ढकलाढकली, अतिक्रमण काढताना पालिकेच्या पथकावर झालेली दगडफेक, एसटीच्या कंडक्टरला सुट्ट्या पैशावरून मारलेली थप्पड, हे सगळं त्याच कलमात जातं, आणि ज्याच्यावर गुन्हा दाखल झालाय तो बहुतेक वेळा म्हणतो की साहेब मी तर फक्त बोललो. दुसऱ्या बाजूला ज्याला खरंच मार बसलाय तो कर्मचारी फिर्याद इतकी मोघम देतो की कोर्टात ती टिकतच नाही. हा लेख दोघांसाठीही आहे, कारण दोघांची केस शेवटी त्याच दोन-तीन मुद्द्यांवर उभी राहते किंवा पडते.

कायदा काय म्हणतो, जागेवर काय करायचं, गुन्हा दाखल झाल्यावर पहिल्या दिवसांत काय करायचं, पुढे कोर्टात काय होतं, आणि शेवटी कर्मचाऱ्यांसाठी वेगळं, असं क्रमाने सांगतो.

आधी तारीख बघा

एफआयआर हातात आली की पहिल्यांदा घटनेची तारीख बघायची. १ जुलै २०२४ च्या आधीची घटना असेल तर जुनी भारतीय दंड संहिता म्हणजे आयपीसी लागू, त्या दिवशी किंवा नंतरची असेल तर भारतीय न्याय संहिता म्हणजे बीएनएस. महाराष्ट्रात ह्याने मोठा फरक पडतो. मूळ ३५३ ला शिक्षा दोन वर्षांपर्यंत होती, पण कर्मचाऱ्यांवरचे हल्ले वाढले म्हणून राज्याने कायद्यात दुरुस्ती केली आणि जून २०१८ पासून ३५३ आणि ३३२ (कामावरच्या कर्मचाऱ्याला दुखापत) दोन्हीची शिक्षा पाच वर्षांपर्यंत गेली, शिवाय केस सेशन कोर्टात चालायला लागली. ती मागणी हवेतून आलेली नव्हती. जानेवारी २०११ मध्ये मनमाडजवळ अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलमाफियांनी जाळून मारलं, ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबईत खारला ड्युटीवरच्या ट्रॅफिक पोलिसाच्या डोक्यात मारहाण झाली आणि काही दिवसांनी ते गेले. अशा घटनांनंतर सरकारी कर्मचाऱ्यांचा संताप रास्तच होता.

पण बीएनएस आल्यावर ३५३ च्या जागी १३२ आलं आणि केंद्राच्या त्या मूळ कलमात शिक्षा पुन्हा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही अशी आहे. दखलपात्र आहे, अजामीनपात्र आहे, आणि कुठल्याही न्यायदंडाधिकाऱ्यापुढे म्हणजे जेएमएफसी कोर्टात चालतं. म्हणून २०२२ सालच्या घटनेची केस सेशनला चालू आहे आणि २०२५ च्या घटनेची तालुक्याच्या कोर्टात, हे बघून गोंधळू नका, दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहे.

१३२ लागायला नेमकं काय लागतं

इथे नीट थांबून वाचा, कारण सगळी केस इथेच आहे. चार गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात. समोरचा माणूस कायद्याच्या भाषेतला लोकसेवक हवा. त्याच्यावर हल्ला किंवा फौजदारी बलप्रयोग झालेला हवा. ते होताना तो आपलं काम करत असला पाहिजे, किंवा त्याला काम करण्यापासून रोखण्याच्या हेतूने ते केलेलं पाहिजे, किंवा त्याने कायदेशीरपणे केलेल्या कामाचा राग म्हणून केलेलं पाहिजे. आणि चौथी, हे सगळं जाणूनबुजून, चुकून धक्का लागला असं नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ दुसऱ्या मुद्द्यावर आहे. कायद्यात हल्ला म्हणजे फक्त मारणं नाही. हातवारे किंवा तयारी अशी केली की समोरच्याला वाटावं आता हा आपल्याला मारणार, तेवढ्याने हल्ला होतो. मूठ उगारून अंगावर धावून जाणं, दांडकं उचलून "आता बघतोच तुला" म्हणणं, कुत्र्याची साखळी सोडायला लागणं, सगळं यात येतं. पण नुसते शब्द म्हणजे हल्ला नाही, हे कायद्यातच स्पष्टीकरण म्हणून लिहिलेलं आहे, बीएनएसच्या कलम १३० मध्ये, आधी ३५१ मध्ये होतं. शब्द हातवाऱ्याला अर्थ देऊ शकतात, पण हातवाराच नसेल तर नुसत्या बोलण्यावर १३२ उभं राहू नये.

सुप्रीम कोर्टाने हे एकदा नाही, परत परत सांगितलंय. २०१५ मध्ये माणिक तनेजा केसमध्ये बेंगळुरूच्या एका जोडप्याने ट्रॅफिक पोलिसांच्या फेसबुक पेजवर अधिकाऱ्याविरुद्ध तक्रार लिहिली म्हणून ३५३ लावलं होतं, कोर्टाने ते रद्द केलं, कमेंट लिहिणं म्हणजे हल्ला नाही. आणि २०२५ मध्ये के. धनंजय केसमध्ये सरकारी कार्यालयात आरडाओरडा आणि धमकी एवढ्यावरचा ३५३ चा गुन्हा रद्द करताना पुन्हा तेच सांगितलं. या दोन निकालांची नावं लिहून ठेवा, तुमच्या वकिलाला कामाला येतील.

आता उलट बाजू पण तेवढ्याच स्पष्टपणे सांगतो, कारण "मी मारलंच नाही" म्हणणारे इथे अडकतात. बलप्रयोगाला जखम लागत नाही. अंगाला हात लागलाच पाहिजे असंही नाही, माणसाच्या अंगावरच्या कपड्याला किंवा त्याच्या हातातल्या वस्तूला धरून जोर लावला तरी पुरे. म्हणजे कॉलर धरणं, हातातलं पावती पुस्तक किंवा ई-चलानचं मशीन हिसकावणं, पंचनामा हातातून ओढून फाडणं, मोबाईलला हात मारून पाडणं, अंगावर शाई किंवा चिखल टाकणं, हे सगळं बलप्रयोग आहे. जेसीबीसमोर आडवं झोपणं हा बलप्रयोग नाही, तो अडथळा आहे आणि त्याचं कलम वेगळं आहे. पण तिथून उठवायला आलेल्या महिला शिपायाला ढकललं की गाडी १३२ वर गेली.

तिसरा मुद्दा कामाचा. ग्रामसेवक संध्याकाळी घरी जाताना शेताच्या बांधावरून भाऊबंदकीत भांडला आणि मार खाल्ला तर ते साधं मारहाणीचं प्रकरण आहे, तो ग्रामसेवक आहे म्हणून आपोआप १३२ होत नाही. पण तोच ग्रामसेवक रजेवर असताना बाजारात गाठला आणि "माझं घरकुल का अडवलं" म्हणून मारला तर १३२ लागू शकतं, कारण राग त्याच्या कामाचा आहे. कार्यालयाची वेळ होती का नाही एवढ्यावर निकाल लागत नाही, मारायचं कारण काय होतं यावर लागतो.

लोकसेवक कोण आणि कोण नाही

व्याख्या बीएनएसच्या कलम २ च्या पोटकलम २८ मध्ये आहे. सरकारचे पगारी नोकर तर आलेच, पण स्थानिक संस्था, कायद्याने स्थापन झालेली महामंडळं आणि सरकारी कंपन्या यांचे नोकरही येतात. म्हणजे पोलीस, महसूल, वनरक्षक, नगरपालिका, झेडपी शाळेचे शिक्षक, सरकारी दवाखान्यातले डॉक्टर-नर्स, महावितरणचा वायरमन, एसटीचा ड्रायव्हर-कंडक्टर.

आमदार यात येतो का, हा प्रश्न आपल्याच राज्यातून सुप्रीम कोर्टात गेला होता, अंतुले यांच्या केसमध्ये, आणि १९८४ च्या निकालात कोर्टाने सांगितलं की आमदार हा आयपीसीच्या व्याख्येतला लोकसेवक नाही. बँकेचा वसुली एजंट, टोलनाक्यावर खाजगी कंपनीचा माणूस, फायनान्सवाल्याने पाठवलेली गाडी ओढणारी पोरं, हे साधारणपणे लोकसेवक नाहीत, त्यांना मारलं तर मारहाणीचा गुन्हा होतोच, पण १३२ नाही. कंत्राटी कर्मचाऱ्यांबाबत मात्र वाद होतो, पगार कोण देतं आणि काम कुठल्या आदेशाने करतो हे बघावं लागतं, त्यामुळे त्याची नेमणूक ऑर्डर मागवणं हा बचावाच्या वकिलाचा आणि तपासाचा दोन्हीचा भाग असायला हवा.

खाजगी हॉस्पिटलचा डॉक्टर लोकसेवक नाही, पण म्हणून सुटलो असं समजू नका. महाराष्ट्रात २०१० चा वैद्यकीय सेवा संरक्षणाचा वेगळा कायदा आहे, तो खाजगी दवाखान्यालाही लागू आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड आहे, गुन्हा अजामीनपात्र आहे आणि तोडफोड केली तर नुकसानीच्या दुप्पट भरपाई. रात्री आयसीयूच्या बाहेर चाळीस नातेवाईक जमतात तेव्हा हे एखाद्या शहाण्या माणसाने मोठ्याने सांगावं.

१३२ सोबत आणखी काय काय लागतं

एफआयआरमध्ये कलमांची रांग असते आणि माणूस घाबरतो. त्यातलं कुठलं जड आणि कुठलं हलकं ते ओळखा.

२२१ म्हणजे जुनं १८६, शासकीय कामात अडथळा. शिक्षा तीन महिने किंवा अडीच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि जामीनपात्र आहे. यात एक महत्त्वाची गोष्ट आहे जी बरेच जण विसरतात: बीएनएसएस म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१५ प्रमाणे २२१ ची दखल कोर्ट तेव्हाच घेऊ शकतं जेव्हा तो कर्मचारी स्वतः किंवा त्याचा वरिष्ठ कोर्टात लेखी तक्रार देतो. पोलिसांची नुसती चार्जशीट चालत नाही. १३२ ला मात्र ही अट नाही.

१२१ म्हणजे जुनं ३३२ आणि ३३३ एकत्र. कामापासून रोखायला साधी दुखापत केली तर पाच वर्षांपर्यंत, गंभीर दुखापत केली, हाड मोडलं, डोळा गेला वगैरे, तर कमीत कमी एक वर्ष आणि जास्तीत जास्त दहा वर्षं, आणि ते सेशन कोर्टात. म्हणून मेडिकल सर्टिफिकेटवर साधी लिहिलंय का गंभीर, हा शब्द सगळी केस फिरवतो.

२२४ म्हणजे काम करायला किंवा न करायला भाग पाडण्यासाठी इजा करण्याची धमकी, दोन वर्षांपर्यंत. नुसत्या शब्दांवर १३२ बसत नसेल तरी हे बसू शकतं, त्यामुळे "शब्दांना काही होत नाही" असं डोक्यात घेऊ नका. २२६ म्हणजे अधिकाऱ्यावर दबाव आणायला आत्महत्येचा प्रयत्न, एक वर्षापर्यंत किंवा दंड किंवा समाजसेवा. कलेक्टर ऑफिसच्या दारात रॉकेलचा कॅन घेऊन जाणारे शेतकरी यात येतात आणि मला ते बघून खरंच वाईट वाटतं, कारण माणूस तिथपर्यंत का पोचला हे एफआयआरमध्ये कुठेच नसतं.

जमाव पाच किंवा जास्त लोकांचा असेल तर बेकायदा जमावाची कलमं, १८९ पासून १९१ पर्यंत, आणि कलम १९० ने एकाने दगड मारला तरी त्या उद्देशात सामील असलेला प्रत्येक जण जबाबदार. मोर्चात मागे उभं राहून व्हिडिओ काढणाऱ्या पोराचं नाव आरोपी म्हणून येतं ते यामुळे. महिला कर्मचाऱ्याशी लगट किंवा विनयभंग झाला तर ७४, तेही अजामीनपात्र. आणि कर्मचारी अनुसूचित जाती-जमातीचा असून चारचौघात जातीवरून बोललं गेलं तर ॲट्रॉसिटी लागते, मग अटकपूर्व जामिनाचा रस्ता बहुतेक बंद होतो. सरकारी गाडी किंवा ऑफिसची काच फोडली तर सार्वजनिक मालमत्तेचा १९८४ चा कायदा वेगळा.

जागेवर असताना

पहिलं, हात मागे ठेवा. शब्दशः. दोन्ही हात मागे बांधून उभं राहा किंवा खिशात घाला, आणि सोबतच्या तापट भावाला आधी बाहेर काढा, कारण अशा केसमध्ये नोटीस ज्याला आलेली असते तो वेगळा आणि हात उचलणारा दुसराच असं फार होतं.

ओळखपत्र आणि लेखी आदेश मागा, शांतपणे. वीज तोडताय तर नोटीस दाखवा, अतिक्रमण काढताय तर आदेश दाखवा, जप्तीला आलात तर वॉरंट दाखवा. हे विचारणं म्हणजे अडथळा नाही.

रेकॉर्डिंग करा, पण लांबून, त्यांच्या तोंडासमोर मोबाईल नाचवत नाही. पोलीस स्टेशनमध्ये व्हिडिओ काढला म्हणून शासकीय गुपितांचा कायदा लावता येत नाही, ते त्या कायद्यातलं प्रतिबंधित ठिकाण नाही, असं मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये सांगितलंय. रेकॉर्डिंग असेल तर ती मूळ फाईल आणि तो मूळ फोन जपून ठेवा, व्हॉट्सॲपवर फिरवलेली कॉपी कोर्टात कमजोर पडते, साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र मूळ उपकरणावरून द्यावं लागतं.

आणि स्वसंरक्षणाचं नीट समजून घ्या. कर्मचारी प्रामाणिकपणे, आपल्या पदाच्या अधिकारात काम करत असेल, तर त्याचं काम कायद्याच्या काटेकोर हिशोबात थोडं चुकीचं असलं तरी त्याला अंगबळाने अडवण्याचा हक्क तुम्हाला नाही, बीएनएसचं कलम ३७, जुनं ९९. फक्त जीव जाईल किंवा गंभीर दुखापत होईल अशी रास्त भीती असेल तर गोष्ट वेगळी, किंवा तो लोकसेवक आहे हे तुम्हाला माहीतच नव्हतं आणि कळायला काही कारणही नव्हतं तर वेगळी. म्हणजे साध्या कपड्यातले चार जण रात्री घरात घुसले आणि ओळख दिली नाही ह्या केसचा बचाव आणि गणवेशातल्या हवालदाराला ढकलल्याचा बचाव एक नाही. पावती चुकीची असली तरी ती नंतर फिरवता येते, कॉलर धरलेली फिरवता येत नाही.

काम अडवलंय, चकरा मारायला लावतायत, पैसे मागतायत, तर त्याचे रस्ते आहेत आणि ते वापरा. लाच मागितली तर एसीबीचा म्हणजे लाचलुचपत प्रतिबंधक खात्याचा १०६४ नंबर. दाखला वेळेत देत नाहीत तर २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली त्याच ऑफिसच्या वरिष्ठाकडे तीस दिवसांत पहिलं अपील, मग दुसरं, मग आयोगाकडे, आणि दोषी अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजारांचा दंड होऊ शकतो. रक्कम छोटी आहे पण सेवापुस्तकाच्या भीतीने फाईल हलते. अर्जाची पोच मात्र घेतलीच पाहिजे, तोंडी तक्रारीला अर्थ नाही.

गुन्हा दाखल झाला, आता पहिले दोन-तीन दिवस

एफआयआरची कॉपी काढा. संवेदनशील गुन्हे सोडले तर एफआयआर ऑनलाईन टाकावी असा सुप्रीम कोर्टाचा २०१६ चा आदेश आहे, महाराष्ट्र पोलिसांच्या सिटीझन पोर्टलवर प्रकाशित एफआयआरमध्ये तारीख आणि ठाणं टाकून सापडते. ती वाचताना एकच गोष्ट पेन्सिलने खूण करा: नेमकी कोणती कृती लिहिली आहे. "हुज्जत घातली, अरेरावी केली, अंगावर धावून आला, शासकीय कामात अडथळा आणला" एवढंच असेल तर त्यातलं "अंगावर धावून आला" हेच एक वाक्य १३२ ला धरून आहे, आणि ते फिर्यादीतच होतं की नंतरच्या पुरवणी जबाबात घुसलं हे पुढे उलटतपासात सोनं असतं.

सीसीटीव्हीसाठी त्याच दिवशी अर्ज द्या. हे मी जोर देऊन सांगतोय. सरकारी ऑफिसांचे, पोलीस ठाण्यांचे, शेजारच्या दुकानांचे कॅमेरे काही दिवसांनी जुनं फुटेज पुसून त्यावर नवीन लिहितात. कार्यालयप्रमुखाला आणि तपास अधिकाऱ्याला दोघांना लेखी अर्ज, अमुक तारीख, अमुक ते अमुक वेळ, अमुक ठिकाणचं फुटेज जतन करा, आणि पोच घ्या. पोच देत नाहीत तर रजिस्टर पोस्टाने आणि ईमेलने. नंतर कोर्टात बीएनएसएसच्या कलम ९४ खाली ते मागवता येतं, पण तोपर्यंत ते शिल्लक असायला हवं. अर्ज दिला असूनही फुटेज गायब झालं तर तेही तुमच्याच बाजूचा मुद्दा होतो.

पळून जाऊ नका. १३२ ची शिक्षा दोन वर्षं, १२१ च्या साध्या दुखापतीची पाच, म्हणजे दोन्ही सात वर्षांच्या आत. अशा गुन्ह्यात पोलिसांनी सरसकट अटक करायची नाही, आधी बीएनएसएसच्या कलम ३५ पोटकलम ३ ची हजर राहण्याची नोटीस द्यायची, हे अर्नेश कुमार निकालापासून म्हणजे २०१४ पासून ठरलेलं आहे, तेव्हा ते जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं म्हणजे सीआरपीसीचं कलम ४१-अ होतं. नोटीस आली तर वेळेवर हजर राहा, येताना त्याची पोच ठेवा. नोटीस मिळून हजर राहणाऱ्याला अटक करायची तर पोलिसांना लेखी कारण द्यावं लागतं. गैरहजर राहिलात की अटकेचं कारण तुम्हीच दिलंत. आणि आरोपी साठीच्या पुढचा किंवा आजारी-अशक्त असेल, आणि कलम फक्त १३२ सारखं तीन वर्षांच्या आतलं असेल, तर डीवायएसपी दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय अटकच करता येत नाही, कलम ३५ पोटकलम ७. म्हाताऱ्या शेतकऱ्याला मोजणीच्या भांडणात उचलून नेतात तेव्हा हे पोटकलम कागदावर लिहून घेऊन जा.

तरी भीती असेल तर सेशन कोर्टात अटकपूर्व जामीन, बीएनएसएसचं कलम ४८२. अर्जात भांडणाची पार्श्वभूमी कागदासकट लावा: आधी दिलेली तक्रार, माहिती अधिकाराचा अर्ज, लाचेची तक्रार, काहीही असेल तर. तक्रारीचा सूड म्हणून गुन्हा आलाय हे तारखांवरून दिसलं पाहिजे, नुसतं म्हणून चालत नाही.

अटक झालीच तर कारण लेखी मागा, घरच्यांना कळवायला लावा, वकिलाला भेटायचा हक्क आहे. चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभं करावंच लागतं. तुम्हालाच मारहाण झाली असेल तर तपासणाऱ्या डॉक्टरला प्रत्येक जखम दाखवा आणि मॅजिस्ट्रेटने "काही तक्रार आहे का" विचारल्यावर "नाही" म्हणू नका. त्या क्षणी गप्प राहिलेल्या माणसाची नंतरची तक्रार फार अवघड होते, "तेव्हा का नाही सांगितलं" हा प्रश्न वर्षानुवर्षं पाठीमागे लागतो. अजामीनपात्र म्हणजे जामीन नाही असं नव्हे, जामीन हक्काने नाही तर कोर्टाच्या मर्जीने, एवढाच अर्थ, आणि जखम नसलेल्या १३२ मध्ये मॅजिस्ट्रेट कोर्टातून बहुतेक वेळा जामीन होतो. वकिलाला पैसे नाहीत तर तालुका विधी सेवा समितीत जा किंवा १५१०० ला फोन करा. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि कोठडीतला माणूस यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

तुमची उलट तक्रार घेत नाहीत तर एसपींना पोस्टाने, मग मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. लोकसेवकाविरुद्ध अशा अर्जावर मॅजिस्ट्रेट आधी त्याच्या वरिष्ठाचा अहवाल आणि त्याचं म्हणणं मागवतो, ती नवीन तरतूद आहे, त्यामुळे वेळ लागतो हे धरून चला.

चार्जशीट आल्यावर

फक्त १३२ असेल तर ती समन्स केस म्हणजे सोप्या पद्धतीने चालणारी केस असते, कारण शिक्षा दोन वर्षांच्या वर जात नाही. पूर्वी समन्स केसमध्ये डिस्चार्ज म्हणजे साक्षीपुरावे सुरू होण्याआधीच आरोपातून सुटका मिळत नव्हती, आता बीएनएसएसच्या कलम २७४ मध्ये नवीन परंतुक आलंय, आरोप निराधार वाटला तर मॅजिस्ट्रेट कारणं लिहून आरोपीला सोडू शकतो आणि त्याचा परिणाम डिस्चार्जसारखाच. वकिलाला हे विचाराच. सोबत १२१ असेल तर वॉरंट केस म्हणजे दोन वर्षांवर शिक्षेची केस, तिथे कागदपत्रं मिळाल्यापासून साठ दिवसांत डिस्चार्जचा अर्ज द्यावा लागतो.

एफआयआर वाचून कृतीच दिसत नसेल तर हायकोर्टात बीएनएसएसच्या कलम ५२८ खाली क्वॅशिंग म्हणजे गुन्हाच रद्द करायचा अर्ज. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गवाल्यांना १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे, मुंबईची खेप वाचली.

"साहेबांशी मिटवून घेतो" हा विचार सगळे करतात. १३२ आणि १२१ खालच्या कोर्टात तडजोडीने मिटत नाहीत. कर्मचाऱ्याने माफ केलं तरी फिर्याद सरकारची आहे. हायकोर्ट संमतीने काही प्रकरणं रद्द करतं, पण तो हक्क नाही. फिर्यादीच्या घरी जाऊन पाया पडायला तर बिलकुल जाऊ नका, जामिनाची अट मोडली, साक्षीदारावर दबाव आणला असा अर्ज येतो. पहिलाच गुन्हा असेल आणि शिक्षा होतेय असं दिसलं तर परिवीक्षा कायद्याखाली चांगल्या वर्तणुकीच्या बॉण्डवर सोडण्याची विनंती नक्की करा. पोलीस भरती किंवा सरकारी नोकरीची तयारी करणाऱ्या पोरांनी चारित्र्य पडताळणीत केस लपवू नये, लपवल्याने जास्त नोकऱ्या जातात, आणि केस चालू असताना पासपोर्टला कोर्टाची परवानगी लागते.

मार खाल्लेल्या कर्मचाऱ्यासाठी

तुमच्या बाजूने कायदा आहे, पण पुरावा तुम्हालाच उभा करायचाय. लगेच सरकारी दवाखान्यात जाऊन मेडिकल करा, दुसऱ्या दिवशी नाही. फाटलेला शर्ट, तुटलेला चष्मा, फाडलेला कागद पंचनाम्यात जप्त करून घ्या. त्या दिवशी तुम्ही ड्युटीवर होतात याचा कागद द्या: हजेरीपट, ड्युटी रजिस्टर, वरिष्ठांचा आदेश, ती नोटीस किंवा वसुलीची यादी.

फिर्यादीत विशेषणं नकोत, कृती लिहा. "आरोपीने अरेरावी केली" ऐवजी "उजव्या हाताने माझ्या शर्टची कॉलर धरून मला मागे ढकललं, मी टेबलावर आपटलो, वेळ सकाळी साधारण अकरा, मी तेव्हा अमुक नोटीस बजावत होतो." शिव्या दिल्या असतील तर जशा दिल्या तशा लिहा, लाजू नका, विशेषतः जातीवाचक असतील तर शब्द गाळल्याने केस पडते. जे झालं नाही ते मात्र घालू नका. वरिष्ठ सांगतात "गळा दाबला असं लिही म्हणजे कलम जड लागेल", आणि मग मेडिकलमध्ये गळ्यावर ओरखडाही नसतो, तेव्हा खरी घडलेली थप्पड पण खोटी ठरते.

साक्षीदार फक्त ऑफिसातले सहकारी ठेवू नका, त्या वेळी कामाला आलेला एखादा नागरिक, समोरचा चहावाला, रिक्षावाला यांची नावं पोलिसांना द्या. अडथळ्याचं २२१ पण टिकायला हवं असेल तर कार्यालयप्रमुखाकडून कोर्टात लेखी तक्रार वेगळी द्यायला सांगा, पोलीस ते आपोआप करणार नाहीत आणि त्याला एक वर्षाची मुदत आहे.

आणि बदली झाली तरी समन्सचा पत्ता अपडेट करत राहा. घटनेनंतर काही वर्षांनी तुम्ही दुसऱ्या जिल्ह्यात असता, कोर्टाचं समन्स जुन्या ऑफिसला जातं, कोणी पाठवत नाही, फिर्यादीच हजर नाही म्हणून केस तारखांवर तारखा खाते आणि शेवटी आरोपी सुटतो. तपास अधिकाऱ्याला आणि सरकारी वकिलाला आपला चालू नंबर लेखी द्या, साक्षीच्या आधी आपला जबाब मागून वाचून जा, आणि जे आठवत नाही ते आठवत नाही असंच सांगा.